ठेवतो

शहात्तर साल. ट्रंक बोर्डावर रात्रपाळी.
पुढ्यात दोऱ्या, पितळी पिना, तिकिटांचा गठ्ठा,
तीन मिनिटं झाली की मधे शिरून विचारायचं, वाढवू का?
नियम होता, ऐकायचं नाही.
कानाला पापणी असते व्हय?

ऐकत बसायचो.
शाहूपुरीतल्या पेढ्यांवरचे गुळाचे भाव,
कुणाचं लग्न मोडलं,
भावाला न सांगता विकलेली दोन गुंठे.
कॉलेजची पोरं 'च'ची भाषा लावायची, दुसऱ्या वाक्याला सुटायची.
व्यापारी भाव उलटा सांगायचे, आठवडाभर टिकायचे.
आमचे दादा अड्ड्यावर मापाडी. म्हणायचे,
रुमालाखाली बोटं झाकतात लेकाचे,
तोंड कुठं झाकतात?

मग मंगळवारी सव्वानऊला बाळगोंडा मगदूम.
पी.पी. कॉल, वेंगुर्ला, सामंत.
चार शून्य सात सात दोन.
हूं.
नऊ एक एक सहा तीन.
हूं.
पंचवीस आकडे. एक जास्त नाही, एक कमी नाही.
तिसरं मिनिट त्यांनी कधी वापरलंच नाही.

तिकिटांच्या पाठीवर उतरवून घ्यायचो.
बेरजा केल्या, अक्षरं लावली.
'पैसे पाठव' लावलं, बसलं.
'आई गेली' लावलं, तेही बसलं.
'गूळ धरून ठेव', 'येऊ नको', 'ये'.
सगळंच बसत होतं, सारखंच.
कुलपाला कुठलीही किल्ली लागावी
आणि दर वेळी निराळी खोली उघडावी, तसं.

आकड्यांबाहेरचा शब्द पलीकडून एकदाच आला.
घाटाखालच्या तारेत नुसती खरखर,
आवाज बाईचा की बुवाचा कळेना, आणि त्यात
"ठेवतो."
आता आम्ही कोल्हापूरच्या बायका
येतो म्हणतो, जातो म्हणतो, ठेवतोच म्हणतो.
सामंतांचं माहेर इकडचं असलं तर?
म्हणजे तेवढंही हाती लागलं नाही.

परवा भाचीला सांगितलं. मंजिरी,
युनिव्हर्सिटीत हेच शिकवते.
फोनवर गप्प झाली, मग म्हणाली, आत्या,
किल्ली निरोपाएवढीच लांब,
कुठल्याही नियमात न बसणारी,
एकदा वापरली की जाळायची.
एवढं पाळलं तर ऐकणाऱ्याला ऐकल्यावर तेवढंच कळतं
जेवढं ऐकण्याआधी माहीत होतं.
गणित अवघड आहे म्हणून नाही गं,
उत्तर तिथं नसतंच.

तीन वर्षांची रात्रपाळी! मला हसूच आलं.

तिनं विचारलं, किल्ली आणली कुठून असेल?
ते मात्र मला माहीत आहे, म्हणजे वाटतं.
काट्यावर रवा चढायचा, दादा वजन ओरडायचे,
मगदूम कार्बन घालून लिहायचा, दोन प्रती.
शेवटचा आकडा कुणाच्या बापाच्या हातात नसतो.
एक प्रत पेढीवर. दुसरी कुठं जायची
ते दादांनी कधी विचारलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं होतं.
शेवटचे दोन मंगळवार
तेच पंचवीस आकडे. जसेच्या तसे.
तिसऱ्या मंगळवारी मी दोरी हातात धरून बसलो,
साडेनऊ, पावणेदहा.
फोन आला नाही. पुढंही नाही.

मंजिरी म्हणाली, चूक झाली त्याची, पान पुन्हा वापरलं.
निरोप वेगळे असते तर वजाबाकी करून काही डोकावलं असतं.
इथं वजाबाकी शून्य. पंचवीस शून्यं.
कळतं ते इतकंच, की त्यानं
तीच गोष्ट दोनदा सांगितली.

तिकिटं आहेत अजून? फोटो काढून पाठव ना, बघते.

आहेत. गोदरेजच्या कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली.
माणूस काय सांगतो दोनदा,
पान फाडायचंही ज्याला सुचत नाही?
पैसे? नाही. भाव? भाव तर रोज बदलतो.

मंजिरी, म्हटलं, दूध उतू जातंय.
ठेवतो.